उशिराचं सुतक

आईला बरं वाटलं का, असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. विचारणाऱ्याला हो किंवा नाही एवढंच ऐकायचं असतं. हो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "बाटली कुठं मिळती?" नाही म्हटलं की, "तरी आमी सांगतच हुतो." मधलं ऐकायला कुणाला सवड नाही. म्हणून एकदाचं लिहूनच काढते, मग विचारणाऱ्याला हाच कागद देईन.

मी बीडमध्ये एका कोचिंग क्लासला जीवशास्त्र शिकवते. दरवर्षी व्यसनांचा धडा येतो. गांजाच्या झाडाचं शास्त्रीय नाव, त्यातली द्रव्यं, मेंदूवरचा परिणाम, सगळं मी फळ्यावर लिहिते, पोरं घोकतात आणि परीक्षेत गोल काळा करून मोकळी होतात. हा धडा एक दिवस माझ्या आईच्या जिभेखाली जाईल असं कुणी म्हटलं असतं, तर त्याला मी वर्गाबाहेर काढलं असतं.

आई जवळच पालीला भावाकडे राहते. आयुष्यभर ती आणि वडील ऊस तोडायला गेले. दसरा झाला की ट्रक यायचा, भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं वर चढायची आणि आम्ही थेट गुढीपाडव्यानंतर परतायचो. मी सात-आठ वर्षांची असताना कारखान्याच्या तळावर माझी धाकटी बहीण गेली. नुकती बसायला लागली होती. आई उसाच्या फडात असायची तेव्हा तिला कडेवर घेणं हे माझं काम. पौषातल्या थंडीत तिला ताप भरला. आई तिला घेऊन दवाखान्याला निघाली, तेवढ्यात ऊस न्यायला ट्रॅक्टर आला. मुकादम म्हणाला, गाडी भरून घ्या, मग जा. गाडी भरली. मग निघाले. वाटेतच आईच्या मांडीवर ती गेली. कॅनॉलच्या कडेला तिला पुरलं आणि दुसऱ्या दिवशी आई-वडील पुन्हा फडात, कारण कारखाना थांबत नाही.

ती गेली एवढंच मला आठवत होतं; गाडीचं आणि मुकादमाचं वडिलांकडून कळलं, तेही त्यांच्या शेवटच्या आजारपणात. आईच्या तोंडून एक शब्द नाही. तीस-बत्तीस वर्षांत एकदाही नाही.

शब्द नव्हता, बाकी सगळं होतं. घराचं दार लावलेलं तिला चालत नाही, थंडीतसुद्धा. रस्त्यानं ट्रॅक्टर गेला की हातातलं टाकून उभी राहायची, पदर खोचायची, आणि मग काही झालंच नाही अशी खाली बसायची. आणि लहान लेकरू मांडीवर घ्यायची नाही. माझी मुलगी सासूबाईंच्या मांडीवर वाढली. बाळंतपणाला माहेरी आले होते तेव्हा आई माझ्यासाठी डिंकाचे लाडू करायची, शेक द्यायची, पण बाळ रडलं की उठून बाहेर जायची. लोक म्हणायचे, बाई मनानं टणक हाय. मीही तेच म्हणत आले.

मग भावाला मुलगी झाली. ती बसायला लागली त्या आठवड्यात आईनं आपलं अंथरूण उचललं आणि गोठ्यात नेलं. म्हशीशेजारी. विचारलं तर म्हणाली, "हितं वारं लागतं." जेवण दोन घासांवर आलं. भावजय रडकुंडीला आली. तिची समजूत अशी, की मुलगी झाली म्हणून सासूला नकोशी झाली. तिला खरं सांगायचं तर त्या घरात ज्याचं नाव काढायचं नाही ते काढावं लागणार. भाऊ तर तेव्हा जन्मालाही आला नव्हता. तो म्हणे, "अक्का, म्हातारपण हाय, दुसरं काय." मला दिसत होतं की आई गोठ्यात झिजत झिजत जाणार आणि तळावर गेलेली ती पोर मनात घेऊनच जाणार. तिनं एकदा, फक्त एकदा ते बोलावं, एवढंच मला हवं होतं.

बीडच्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. आई ओंडक्यासारखी झोपायची आणि उठल्यावर म्हणायची, "तोंडात राख पडल्यावानी वाटतंय." मामांनी देवऋषी आणला. त्यानं लिंबू कापलं, बाहेरचं आहे म्हणाला, दक्षिणा आणि कोंबडी घेऊन गेला. मी बोलले तर मामांनी मलाच ऐकवलं, चार बुकं शिकली म्हणून देवापेक्षा मोठी झाली का.

तेव्हा पुण्यातल्या मैत्रिणीनं एका डॉक्टरबाईंचं नाव सांगितलं. मनावरच्या जुन्या जखमांवर काम करतात, सावकाश, बोलून. काही थोड्या लोकांना एका वैद्यांच्या चिठ्ठीनं भांगेच्या अर्काचे थेंब देऊन, स्वतः शेजारी बसून ते बोलणं घडवतात. मी फोन केला तो बाईंना खोटं पाडायच्या तयारीनं. पण त्याच म्हणाल्या, "याचा पुरावा अजून कमी आहे. सगळ्यांना चालत नाही, काहींची भीती उलट वाढते. कुणी याला चमत्कार म्हणालं तर तिथून उठून या." आईचं हृदय, रक्तदाब, घरात कुणाला वेड लागलं होतं का, सगळं विचारलं. शेवटी म्हणाल्या, "आणि हे कशाचं आहे ते आईंना स्पष्ट सांगा. फसवून एक थेंब द्यायचा नाही."

मी आईला सांगताना शब्द चघळत बसले. आयुर्वेदात याला विजया म्हणतात, वनस्पतीचा अर्क असतो, वगैरे. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग सरळ गांजा म्हन की. तुझ्या आज्यानं बैल फुगला की त्याला पाजलाय." विषय संपला. तिच्या लेखी बैलाला चालतं ते आपल्यालाही चालावं.

मामांच्या लेखी मात्र गाव बुडालं. मामा गावचे पुढारी. शिवरात्रीला त्यांच्या मळ्यात भांग घोटली जाते, त्या दिवशी ते स्वतः पाट्याशी बसतात आणि दुपारपर्यंत कुणालाही ओळखत नाहीत. तो प्रसाद. आईच्या जिभेखाली चार थेंब, ते व्यसन. "केस व्हईल," ते म्हणाले. "तुरीत गांजाची झाडं सापडली तर पोलीस उचलून नेतात, ठाव हाय ना? उद्या पेपरात आलं तर मी तोंड कुठं दाखवू?" मी वैद्यांची चिठ्ठी दाखवली, हे चिठ्ठीवर मिळतं, कायद्यात बसतं म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "कागद काय, कशाचाबी निघतो." पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं तरी किती.

आम्ही पुण्याला गेलो. पहिल्या दोन भेटी नुसत्या बोलण्याच्या. डॉक्टरबाईंनी आईला विचारलं, अशी एखादी जागा आठवते का, जिथं तुम्हाला अगदी निर्धास्त वाटलं? मी मनात म्हटलं, झालं, आता आई माहेर सांगेल नाहीतर देवघर. आई म्हणाली, "भरलेल्या टरकावर. सामान बांधून झालेलं असतंय, लेकरं डोळ्यापुढं असत्यात, आन् टरक चालू हाय तंवर कुनी काम सांगू शकत न्हाई." डॉक्टरबाईंनी ते लिहून घेतलं. मी खिडकीबाहेर बघत बसले.

थेंबांचा पहिला दिवस मात्र पार वाया गेला. खोलीत मंद उजेड, गादी, पांघरूण. मला बाहेर बसवलं, त्याचा राग वेगळाच. मग दाराच्या फटीतून बघते तर काय, आई गादीवर आडवी व्हायलाच तयार नाही. परक्या घरात, दिवसाउजेडी, डॉक्टरसमोर बाईमाणसानं लवंडायचं? थेंबांनी अंग सैल झालं तशी ती उठली, पांघरुणाची घडी घातली, उशा लावल्या, कोपऱ्यातला झाडू घेतला आणि खोली झाडून काढली. डॉक्टरबाईंनी तिला अडवलं नाही. वर म्हणाल्या, "आज एवढंच."

बाहेर आल्यावर मी फणकारले. बीडहून एसटीनं दिवस मोडून यायचं ते तुमची खोली झाडायला का? त्या शांतपणे म्हणाल्या, "थेंब काही करत नाहीत. गाठ किंचित सैल होते, सोडायची की नाही ते आईंनीच ठरवायचं. त्या थांबल्या की आपणही थांबायचं." मग म्हणाल्या, "घाई कुणाला झाली आहे, त्यांना की तुम्हाला?" असा संताप आला. माणसं शांत असली की माझा संताप दुप्पट होतो. घाई मलाच होती, असायलाच हवी होती. गोठ्यात झोपणारी माझी आई होती, त्यांची नव्हे.

परतीच्या बसमध्ये आई म्हणाली, "त्या बाईला घरी बोलीव. माझ्या दारात काय ते इचारू दे."

डॉक्टरबाईंचं सासर निघालं बीडचं. पुढच्या खेपेला आल्या की पालीला येते म्हणाल्या. आता मी कामाला लागले. भावानं बायको-मुलीला तिच्या माहेरी सोडलं. शेजारच्या काकूंना सांगितलं, आईच्या गुडघ्याला मालीश करायला बाई येणार आहे, दुपारी कुणी फिरकू नका. हे सांगणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. आमच्या गल्लीत कुणी फिरकू नका म्हटलं की प्रत्येकीला त्याच घराच्या बाजूला काहीतरी आठवतं. एक विरजण मागून गेली, एक चाळण परत द्यायला आली. दार लावावं तर आईला चालत नाही. शेवटी मीच ओट्यावर राखण बसले.

दुपारची वेळ. आत आई भिंतीला टेकून आपल्याच गोधडीवर बसली होती. डॉक्टरबाई हातभर अंतरावर खाली. थेंब घेऊन बराच वेळ झाला होता. आधी ट्रकावरचं बोलणं झालं, आई थोडं हसलीसुद्धा. मग तिचा आवाज खाली गेला.

"लई गार हुतं."

"आत्ता कुठं आहात?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"घरी. पालीला."

"पायाखाली काय लागतंय?"

"फरशी." मग आपणहून, "अंगावर कढत लागत हुती पोर. निघालेच हुते मी. तर गाडी आलीया म्हनला मुकादम. भरून घ्या, मंग जा."

"पुढं बोलायचंय की थांबायचं?"

मी ओट्यावरून ऐकत होते. थांबते म्हणू नकोस, आई. बत्तीस वर्षं थांबलीस ते पुरे झालं. आतून मग आवाज आला.

ते नुसतं रडणं नव्हतं. आमच्याकडे माणूस गेलं की बाया जसा सूर काढतात, शब्द आणि हुंदका एकाच दमात, लांबवत, तसा तो गळा होता. "माझ्या बाईऽऽ, माझ्या सोन्याऽऽ, गाडी भरीत बसले गं मीऽऽ." वडील गेले तेव्हाही आईनं असा गळा काढला नव्हता. आणि त्याच क्षणी मला पुढचं दिसलं, कारण दार उघडं होतं.

हा आवाज गल्लीनं ऐकला की गल्ली विचारत नाही. पलीकडून काकूंच्या हातातलं पातेलं आपटल्याचा आवाज आला. त्या बाहेर आल्या, पदर तोंडाला, आणि आपल्या ओट्यावरूनच त्यांनी सूर धरला होता, कारण मयताच्या घरी मुक्यानं शिरत नाहीत. त्यांच्यामागे विरजणवाली, चाळणवाली, कोपऱ्यावरची शिंपीण, झाडून साऱ्या. मी दारात आडवी उभी राहिले. "थांबा! कुणी गेलं नाही! उपचार चाललाय आत!" ओरडून ओरडून माझा घसा बसला. रडत येणाऱ्या बाईला अडवता येत नाही. काकूंनी मला हातानं बाजूला सारलं आणि आत शिरल्या.

मला त्यांचे गळे दाबावेसे वाटले. एवढी वर्षं, देवऋषी, गोळ्या, मामांचं ऐकून घेणं, एसटीचे धक्के, आणि नेमकं तोंड उघडलं त्या क्षणी या बाजारबुणग्या आत. मी मागोमाग धावले. काकू आईच्या गळ्यात पडल्या होत्या. बाकीच्या भोवती. डॉक्टरबाई गुडघ्यांवर उठून आईच्या चेहऱ्याकडे निरखून बघत होत्या. त्यांनी वाकून विचारलं, "यांना बाहेर पाठवू का?"

आईनं मान हलवली. नाही.

काकूंनी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "कोन गेलं गं? कोन गेलं, सांग की."

आई म्हणाली, "माझी पोर गेली."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी तर समोर उभी. "कंची पोर?"

"धाकली. तळावर गेली. ताप आलता."

बायांचे सूर थांबले. आता कुणीतरी म्हणणार, अगं बया, ते तर कवाचं, आणि सगळ्या पदर झटकून उठणार, याची मी तयारी केली. काकूंचे ओठ हलले. माझ्या बहिणीला त्यांनी गावात असताना न्हाऊमाखू घातलं होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांनी आईचं डोकं छातीशी ओढलं आणि पुन्हा सूर धरला. या वेळी नाव घेऊन. माझ्या बहिणीचं नाव. ती गेल्यापासून ते मी फक्त वडिलांच्या तोंडून ऐकलं होतं, बाईच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. बाकीच्यांनी सूर उचलला. जी लग्न होऊन या गल्लीत नंतर आली, तीही रडत होती.

डॉक्टरबाई हळूच सरकल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. संध्याकाळ होईपर्यंत त्या उठल्या नाहीत. मधूनमधून आईच्या मनगटावर हात ठेवायच्या, पाणी प्यायला लावायच्या, कुठं आहात विचारायच्या. आई दर वेळी म्हणायची, "घरी."

बायांचा भर ओसरला तेव्हा मी काकूंना ओट्यावर गाठलं. माझा राग गेला नव्हता, उलट आता त्याला नीट वाट सापडली होती. "तेव्हा कुठं होतात सगळ्या? भिंतीला भिंत तुमची. एकजण तरी आली का तेव्हा?"

काकूही काही कमी नाहीत. "का म्हनून यावं? तुमी परत आलात ते पाडवा करून. लेकरू दिसंना, तवा तुझ्या बापाला इचारलं, त्यो म्हनला, गेलं, जुनं झालं. गल्लीत लग्नाचा मांडव. तुझी माय दारात हसत उभी. हसत्या बाईच्या गळ्यात पडून रडावं तरी कसं? तिनं गळा काढला असता तर आलो न्हवतो का आमी? आज आलो का न्हाई?"

आलात, पण कधी? पुण्याची डॉक्टर, वैद्यांची चिठ्ठी, जिभेखाली थेंब, एवढा द्राविडी प्राणायाम केल्यावर पलीकडच्या घरातून चार पावलं चालत आलात. तेवढ्यात मामांचा फोन. त्यांच्यापर्यंत बातमी पोचली होती. "गांजा चढला म्हनं तिला, गाव गोळा केलं." मी फोन बंद केला. त्या क्षणी मला सगळ्यांचाच राग आला होता: मुकादमाचा, कारखान्याचा, वडिलांच्या 'जुनं झालं'चा, शहाण्या डॉक्टरबाईंच्या शांतपणाचा, आणि हसत उभ्या राहिलेल्या आईचाही.

आई आजही नातीला मांडीवर घेत नाही. अंथरूण गोठ्यातून उठून पडवीत आलंय, आणि भावजयीला आता कारण माहीत आहे, एवढंच. डॉक्टरबाई म्हणतात, अजून बरंच बोलायचंय, थेंब प्रत्येक वेळी लागतीलच असं नाही. बरं वाटलं का, याचं उत्तर असं आहे.

त्या संध्याकाळी बाया बसूनच होत्या. डॉक्टरबाईंना निघायचं होतं. मला हाताला काहीतरी काम हवं होतं, नाहीतर मी कुणाशी तरी भांडले असते. सगळ्यांना चहा करावा म्हणून आत गेले, मोठं पातेलं ठेवलं आणि गॅस पेटवला. मागून हात आला आणि बटण बंद झालं. काकू होत्या. दुसऱ्या हातात त्यांच्या घरून आणलेलं पिठलं-भाकरीचं ताट, वर फडकं.

"आज या घरात चूल पेटवायची न्हाई," त्या म्हणाल्या. मग त्यांनी ताट खाली ठेवलं आणि माझ्या खांद्यावर हात टाकला. "चल, तू बी मायपाशी बस. तुझी बी भईनच व्हती ती."